ताप उतरल्यानंतरची वर्षं

लहान मुलाला मेनिन्जायटिस होऊन ते बरं झालं, की रुग्णालयातून डिस्चार्ज कार्ड मिळतं. त्यावर तपासण्यांचे आकडे असतात, दिलेल्या इंजेक्शनांची नावं असतात आणि अगदी तळाशी, घाईच्या अक्षरात, एक-दोन ओळी असतात: अमुक दिवसांनी ओपीडीत दाखवा, कानाची तपासणी करून घ्या. घरी आल्यावर हे कार्ड रेशनकार्ड, जन्मदाखला आणि लाइटबिलांच्या पिशवीत जातं. पोर वाचलेलं असतं, हसत असतं, दूध पीत असतं. नवस फेडायचे असतात, उसने पैसे परत करायचे असतात, बुडालेले खाडे भरून काढायचे असतात. तळाच्या त्या ओळीकडे कुणाचं लक्ष जाणार? पण या आजाराचा दुसरा, लांबलचक भाग तिथूनच सुरू होतो.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली लागतं, आणि आंबिवली स्टेशनापासून उल्हास नदीकडे पसरलेलं मोहने. जुनं गावठाण, नॅशनल रेयॉन म्हणजे एनआरसी कंपनीच्या आधाराने वाढलेली वस्ती, बैठ्या चाळी, अलीकडच्या इमारती. इथलं तापाचं पोर आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातं. उतार पडला नाही, आकडी आली, की रिक्षाने कल्याणला महापालिकेच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात. तिथून गरज पडली तर उल्हासनगरचं मध्यवर्ती, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नाहीतर थेट सायन, परळ. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. जीव वाचवणारी ही साखळी बऱ्याचदा काम करते. जीव वाचल्यानंतरच्या वर्षांसाठीही सोयी आहेत, पण त्यांची एकेक कडी आईबापांनाच जोडत जावी लागते. त्यासाठी मुळात पोराच्या डोक्यात काय घडलं आणि पुढे काय घडू शकतं, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितलेलं असावं लागतं.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पदरी आवरण असतं. आतल्या दोन पदरांमध्ये एक नितळ द्रव सतत फिरत असतो. या आवरणांना सूज येणं म्हणजे मेनिन्जायटिस. ती विषाणूंमुळे आली असेल तर मूल बहुतेक वेळा आठवड्याभरात सावरतं आणि मागे फारसं काही उरत नाही. धोका असतो तो जिवाणूंचा. न्यूमोकोकस, हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी, आणि मेनिंगोकोकस हे त्यातले तीन मुख्य. नवजात बाळांत ई. कोलाय आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. आणि आपल्याकडे क्षयाचा जंतू, ज्याच्याविषयी पुढे वेगळं बोलावं लागेल. न्यूमोकोकस आणि हिब एरवी लहान मुलांच्या नाका-घशात निवांत राहतात. क्वचित एखाद्या वेळी ते रक्तात शिरतात आणि तिथून त्या द्रवात पोचतात. तिथे त्यांना अडवणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते काही तासांत बेसुमार वाढतात.

मोठं मूल ‘डोकं दुखतंय’ म्हणून सांगतं, त्याची मान ताठते. सहा महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते दूध ओढत नाही, रडण्याचा सूर चिरका होतो, उचलून घेतलं तर शांत होण्याऐवजी जास्तच रडतं, टाळू फुगून वर आलेली दिसते. घरात मात्र ‘दात येतायत’, ‘नजर लागली’ यावर एक-दोन दिवस जातात. या आजारात ते एक-दोन दिवसच पुढच्या आयुष्याचा हिशेब ठरवतात.

निदानासाठी ‘पाठीतलं पाणी’ काढावं लागतं, आणि इथे हमखास अडतं. आजी म्हणते, पाणी काढलं की पोर लुळं पडतं. वडील सही करायला कचरतात. प्रत्यक्षात काय करतात? बाळाला कुशीवर झोपवून, मान आणि गुडघे पोटाकडे दुमडून नर्स त्याला घट्ट धरते. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधून एक बारीक सुई आत जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला लागायचा प्रश्नच येत नाही. थेंबाथेंबाने थोडंसं पाणी दोन-तीन छोट्या बाटल्यांत जमा करतात. निरोगी बाळाचं पाणी नळाच्या पाण्याइतकं नितळ असतं. आजारात ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ निघतं, आणि तेवढ्यावरून डॉक्टरचा चेहरा बदलतो. लुळं पडण्याच्या समजुतीला आधार मिळतो तो घटनांच्या क्रमामुळे. पाणी काढलेल्या काही मुलांमध्ये नंतर खरोखरच हातपाय अधू राहतात. ते आजारामुळे झालेलं असतं, आठवण मात्र सुईची राहते. सही करायला घेतलेली रात्र कुणी मोजत नाही.

मेंदूचं नुकसान होतं कसं? थोडं जंतूच्या विषामुळे आणि बरंचसं शरीराच्या स्वतःच्या झुंजीमुळे. औषधाने जंतू फुटतात, त्यांचे तुकडे द्रवात पसरतात आणि सूज आणखी भडकते. म्हणून काही मुलांना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी किंवा त्याच्या सोबत डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड देतात. हिबच्या आजारात त्याने बहिरेपण कमी होतं, असं दिसून आलं आहे. सुजेमुळे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या आक्रसतात किंवा त्यांत गुठळ्या होतात. मग म्हातारपणी होणारा पक्षाघात आठ महिन्यांच्या बाळाला होतो. द्रवाची वाट तुंबली तर तो मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत साठतो आणि डोकं मोठं होऊ लागतं. न्यूमोकोकसचं विष तर हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागातल्या पेशींना मारतं.

हे ऐकून घाबरून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जिवाणूंच्या मेनिन्जायटिसमधून वाचलेल्या पाच जणांपैकी एकाला दीर्घकाळ टिकणारा काही ना काही परिणाम भोगावा लागतो. म्हणजे चौघं त्यातून सुटतात. पण तो पाचवा कोण, हे कशावर ठरतं? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करणाऱ्या एका पाहणीत जंतूनुसार मोठा फरक दिसला. न्यूमोकोकसमधून वाचलेल्यांत गंभीर व्यंग राहण्याचं प्रमाण शंभरात सुमारे २५, हिबमध्ये नऊ-दहा, मेनिंगोकोकसमध्ये सात. आणि याच पाहणीत आग्नेय आशियाच्या गटात, ज्यात भारत मोजला जातो, हा धोका युरोपच्या दुपटीहून जास्त निघाला. जंतू सगळीकडे तेच आहेत. उपचारापर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि नंतरची देखभाल यांत अंतर आहे.

आता कानाकडे येऊ, कारण या आजाराने सगळ्यात जास्त वेळा जे हिरावलं जातं ते ऐकणं. आतल्या कानात कॉक्लिया नावाची द्रवाने भरलेली वेटोळी नळी असते, आणि मेंदूभोवतीच्या द्रवाशी ती एका अतिशय अरुंद वाटेने जोडलेली असते. दाह त्या वाटेने आत शिरतो आणि आवाजाचं विजेत रूपांतर करणाऱ्या केसपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. हे बहुधा आजाराच्या पहिल्या दोन दिवसांतच घडून जातं. म्हणजे मूल वॉर्डात बेशुद्ध असतानाच बहिरं झालेलं असू शकतं, आणि घरी गेल्यावर कित्येक महिने कुणाच्या ते लक्षात येत नाही. कारण बाळ हसतं, आईच्या चेहऱ्याकडे बघून प्रतिसाद देतं, दार आपटलं तर जमिनीच्या हादऱ्याने वळून बघतं. दीड वर्षाचं होऊनही बोलेना, तर घरात वाक्य तयार असतं: ‘त्याचा बापही तीन वर्षांनीच बोलला होता.’ आपल्याकडे हे वाक्य इतकं सर्रास चालतं, की त्याच्यापायी किती मुलांची वर्षं गेली असतील, देव जाणे.

कानाची घाई आणखी एका कारणासाठी आहे. दाह ओसरल्यावर शरीर त्या वेटोळ्या नळीत आधी तंतू आणि मग चक्क हाड भरू लागतं. काही मुलांत ही प्रक्रिया काही आठवड्यांतच सुरू होते. दोन्ही कानांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होऊ शकतो. त्यात तारेसारखा इलेक्ट्रोड त्या नळीत सरकवतात. नळी हाडाने बुजली की तो सरकवायला जागाच उरत नाही. म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की मूल तपासणीयोग्य झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत कान तपासले गेलेच पाहिजेत, जमल्यास घरी सोडण्यापूर्वीच. ‘मोठा झाला की बघू’ असं म्हणण्याची मुभा एरवी उशिरा बोलणाऱ्या मुलाला कदाचित असेल. मेनिन्जायटिस होऊन गेलेल्या मुलाला ती नाही.

तपासणी तशी सोपी असते. तिला बेरा म्हणतात. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात टकटक असे आवाज सोडतात आणि त्यांना मेंदूच्या मुळाशी विजेचा प्रतिसाद उमटतो का, ते पडद्यावर पाहतात. बाळाला काही सांगावं लागत नाही, फक्त झोपावं लागतं. घोडं तिथेच अडतं. तपासणीच्या दिवशी बाळाला पहाटे उठवून जागं ठेवा, असं सांगितलेलं असतं. मग आंबिवलीहून सकाळची कसारा लोकल, दादरला बदल, वांद्र्याला उतरून रेक्लमेशनकडे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. बाळ ठाकुर्लीपर्यंत धीर धरतं आणि मग लोकलच्या हेलकाव्यांनी आईच्या खांद्यावर गाढ झोपतं. तपासणीच्या खोलीत पोचेपर्यंत त्याची झोप पुरी झालेली असते. झोपेचं औषध पाजलं तरी ते टक्क डोळे उघडून मशीनकडे बघत बसतं. मग पुढची तारीख. रोजंदारीवरच्या बापाचा आणखी एक खाडा. अनुभवी आया म्हणून बाळाला गाडीत गुदगुल्या करत, खिडकीशी उभं करत, ओल्या फडक्याने तोंड पुसत आणतात. ज्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यांच्यापैकी काही जणी दुसऱ्या तारखेला येत नाहीत.

कानाचीच एक शेजारीण म्हणजे तोल. तोल सांभाळणारं इंद्रिय कॉक्लियाला लागूनच असतं आणि बऱ्याचदा दोघांना एकदमच झळ बसते. चालायला लागलेलं मूल आजारातून उठल्यावर पुन्हा धडपडू लागतं, बसलं तर कलंडतं. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे, खाल्लं-प्यायलं की येईल ताकद. मूल खरंच सावरतंही. डोळ्यांच्या आणि स्नायूंच्या मदतीने ते काही महिन्यांत पुन्हा चालू लागतं, आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण ते धडपडणं हीच कान तपासायची खूण होती. असं मूल पुढे मोठेपणीही अंधारात अडखळतं आणि पोहायला शिकताना त्याची जास्त काळजी घ्यावी लागते. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे, हे कळायला त्याच्याकडे डोळ्यांशिवाय दुसरं साधन नसतं.

एकाच कानाने बहिरं झालेलं मूल तर सहज निसटतं. ते बोलायला शिकतं, हाक मारली की वळतं. वर्गात मात्र पंख्याची घरघर आणि साठ पोरांचा गलका यांतून बाईंचं बोलणं वेगळं काढणं त्याला जमत नाही. त्याला पहिल्या बाकावर, चांगला कान बाईंकडे येईल असं बसवलं तर अर्धं काम होतं. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही, फक्त बाईंना माहीत असावं लागतं.

कानाचं नुकसान निदान मोजता तरी येतं. मेंदूच्या ज्या भागांचं काम वयानुसार उशिरा सुरू होतं, तिथली इजा कशी मोजणार? आठ महिन्यांच्या बाळात डॉक्टर काय पाहतो? ते मान सावरतं का, वस्तू धरतं का, हसतं का. भागाकार त्याला कुणी विचारलेलाच नसतो. कपाळामागचा मेंदू, ज्याच्या जोरावर आपण मनातला बेत धरून ठेवतो, एक काम सोडून दुसरं घेतो, उतावीळपणा आवरतो, तो विशीपर्यंत घडत असतो. बाळपणी तिथे इजा झाली तर ती तेव्हा दिसत नाही. शाळेने ते काम मागितलं की दिसते. मूल वाढत जातं आणि उणीव त्याच्याबरोबर उलगडत जाते.

तिसरीच्या वर्गात बाई म्हणतात, ‘वह्या काढा, तारीख घाला, फळ्यावरची तीन गणितं उतरवून घ्या आणि पहिलं सोडवा.’ हा मुलगा वही काढतो. मग शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. तारीख घालतो. गणितं उतरवायची की सोडवायची, हे त्याच्या डोक्यातून निसटलेलं असतं. तो पेन्सिलीला टोक करायला उठतो. त्याला एकेक सूचना वेगळी दिली तर तो चारही कामं नीट करतो, एकत्र दिल्या की सांडतात. घरी दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक घेऊन येतो. त्याला ‘वेंधळा’, ‘लाडावलेला’, ‘लक्षच नसतं’ ही विशेषणं मिळतात, चापटही मिळते. आठव्या महिन्यातला तो ताप आणि तिसरीतला हा वेंधळेपणा यांचा संबंध जोडणारं कुणीच त्या वर्गात नसतं.

असा संबंध असतो, हे चिकाटीने पाठपुरावा केलेल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये १९८३ ते १९८६ या काळात मेनिन्जायटिसमधून वाचलेल्या मुलांची त्यांच्याच वयाच्या इतर शाळकरी मुलांशी तुलना केली गेली, आणि बारा वर्षांनंतर ती पुन्हा तपासली गेली. वाचन, आखणी, वर्तन यांत ती मागे होती, आणि पहिला वाढदिवस होण्याआधी आजारी पडलेली मुलं जास्त मागे होती. अंतर वर्षांनी भरून निघालं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८५ ते १९८७ दरम्यान पहिल्या वर्षातच हा आजार झालेल्या बाळांचा मोठा गट पाचव्या वर्षी तपासला, तर मध्यम किंवा तीव्र व्यंगाचं प्रमाण इतर मुलांच्या दहा पट निघालं. त्याच गटातली जी मुलं साध्या शाळांत शिकत होती, म्हणजे वरवर ठणठणीत होती, त्यांचे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचे निकाल पुढे पाहिले गेले. त्यांतल्या सुमारे चौथाई मुलांना एकाही विषयात चांगली श्रेणी मिळालेली नव्हती. तुलनेच्या गटात हे प्रमाण शंभरात सातही नव्हतं. मला या सगळ्या संशोधनात सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा हाच वाटतो, कारण तो ‘बरी झालेल्या’ मुलांचा आहे.

काहींना आकडीचा आजार मागे लागतो. तो महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होऊ शकतो, आणि तेव्हा ‘बाहेरचं’ बघायला नेण्यात वेळ घालवण्याऐवजी डॉक्टरला जुना आजार आठवणीने सांगितला तर पुढचा बराच फेरा वाचतो.

क्षयाच्या मेनिन्जायटिसची चाल वेगळी असते. तो झडप घालत नाही, दबकत येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, अधूनमधून उलटी, खेळण्यातून मन उडालेलं, चिडचिड, वजन घटलेलं. पोर डोळे तिरळे करू लागलं किंवा गुंगीत गेलं की धावपळ होते. मेंदूच्या तळाशी चिकट थर साठतो, तिथून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसा आणि रक्तवाहिन्या त्यात सापडतात. या आजाराचा अभ्यास जगात जिथे खोलवर झाला त्यांत मुंबईचं नाव ठळक आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतिशास्त्रज्ञ डॉ. दराब दस्तूर यांनी १९६० च्या दशकापासून मुलांच्या मेंदूतल्या क्षयाचं जे वर्णन केलं, ते आजही संदर्भाला घेतलं जातं. आवरणांना फारसा दाह नसतानाही क्षयाने मेंदूच्या आतला पांढरा भाग सुजू शकतो, हे त्यांनी दाखवलं. या प्रकाराचे आकडे जड आहेत. २०१४ मधल्या एका जागतिक गोळाबेरजेत शंभरातली सुमारे १९ मुलं उपचार मिळूनही दगावली होती, आणि वाचलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये मज्जासंस्थेचा काही ना काही दोष राहिला होता. गुंगी येण्याआधी औषध सुरू झालेल्या मुलांची स्थिती पुष्कळ बरी असते.

डोक्यात पाणी साठलेल्या मुलाला शंट बसवतात. मेंदूतल्या पोकळीपासून कातडीखालून पोटापर्यंत एक नळी, जादा पाणी पोटात उतरवणारी. ती वर्षानुवर्षं काम करते आणि एखाद दिवशी तुंबते. उलट्या, डोकेदुखी, पोर सुस्तावलेलं, ही लक्षणं आईबापांना पाठ हवीत. पित्त झालं असेल म्हणून घरात थांबायचं नसतं. आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मोठ्या कुणाला क्षय निघाला, की घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्या सुरू करून घ्यायच्या. मोठ्याचा खोकला महिनाभर लपवला जातो, कधी नोकरी जाईल म्हणून, कधी मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून. त्याची किंमत पाळण्यातलं पोर मोजतं.

मग मदत कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी, दोष सापडला तर जिल्हा पातळीवरच्या लवकर उपचार केंद्राकडे पाठवणी, अशी ही रचना आहे. ऐकू न येणं, उशिरा चालणं, उशिरा बोलणं, शिकण्यातल्या अडचणी हे सगळं तिच्या यादीत आहे. पण अंगणवाडीत डॉक्टरांची गाडी येते त्या दिवशी मूल हजर असायला हवं, आणि ‘याला लहानपणी मेंदूज्वर झाला होता’ हे कुणीतरी सांगायला हवं. गर्दीत एका मुलाला मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत वेंधळेपणा दिसत नाही. माता व बाल संरक्षण कार्डात कोणत्या महिन्यात मुलाने काय करायला हवं याची चित्रं छापलेली असतात. लसींचं पान उघडतं तसं ते पानही दर महिन्याला उघडावं.

मोहन्यात एक अडचण आणखी आहे. २००९ मध्ये एनआरसी बंद पडली आणि कंपनीच्या आधाराने एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं पांगली. कुणी टिटवाळ्याला खोली घेतली, कुणी गावी परतलं, रिकाम्या झालेल्या चाळींत नवी भाडेकरू कुटुंबं आली. पोरांच्या शाळा बदलल्या. शेजारची जी बाई ‘अगं, याला तेव्हा आकडी आली होती ना’ म्हणून आठवण देणार, ती आता शेजारी नाही. शाळेच्या दाखल्यावर जात असते, जन्मतारीख असते, आजार नसतो.

दहावीपर्यंत पोचलेल्या मुलासाठीही दार बंद झालेलं नसतं. सायन, नायर, केईएम या मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांत शिकण्यातल्या अक्षमतेची रीतसर चाचणी होते. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने व्यंगांचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते आणि वांद्र्याची ती संस्था या कामाची नोडल संस्था आहे. इम्प्लांट बसवलं म्हणजे मूल बोलू लागलं, असं मात्र नाही. पुढची काही वर्षं शब्द ओळखायला, उच्चारायला शिकवावं लागतं, आणि ते शिकवण्याचा मोठा वाटा घरात, पोळ्या लाटता लाटता, आईच उचलते.

या मुलांची संख्या कमी करणारं खरं काम लसींनी केलं आहे. हिबची लस पेंटाव्हॅलंटच्या रूपाने २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली आणि २०१५ पर्यंत देशभर पोचली. न्यूमोकोकसची लस महाराष्ट्राच्या नियमित कार्यक्रमात आली ती २०२१ मध्ये. त्याआधी ती खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजणाऱ्यांनाच मिळायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोसिल ही स्वस्त न्यूमोकोकल लस काढली. त्याच संस्थेत बनलेली मेनआफ्रिव्हॅक २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोपासून आफ्रिकेत द्यायला सुरुवात झाली, आणि ज्या ‘ए’ गटाच्या मेनिंगोकोकसमुळे तिथे दर काही वर्षांनी साथी उसळत, त्याचा रुग्ण २०१७ नंतर आढळलेला नाही. हडपसरच्या कारखान्यातून निघालेल्या बाटल्यांनी हे साधलं, याची आपल्याकडे म्हणावी तितकी चर्चा झाली नाही. आपल्या मुलांच्या नियमित वेळापत्रकात मेनिंगोकोकसची लस नाही. ती हजला जाणाऱ्यांना घ्यावी लागते.

क्षयाविरुद्धची बीसीजी जन्मल्या जन्मल्या. पेंटाव्हॅलंट दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. न्यूमोकोकसची दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. यातलं दीड महिन्याचं इंजेक्शन आयांच्या चांगलं लक्षात राहतं, कारण त्या रात्री पोराला ताप येतो, मांडी सुजते, घर जागं राहतं. अडीच महिन्यांचं तिथेच बारगळतं. आजी म्हणते, चांगलं खेळतंय पोर, कशाला उगाच टोचायचं. नर्सताईंनी तापाचे थेंब किती आणि कधी द्यायचे ते आधीच समजावून दिलं असेल, तर आई आजीचं न ऐकता बाळाला घेऊन येते. तारीख हुकली असली तरी हरकत नसते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. राहिलेला डोस पहिल्या वाढदिवसापर्यंत कोणत्याही लसीकरणाच्या दिवशी, जवळच्या आरोग्य केंद्रात, फुकट मिळतो.